थोड्या दाबाच्या ट्रँझिस्टरांकडून मोठ्या दाबाचे काम

बालाघाटच्या डोंगररांगांत आणि त्यांच्या उतारावर वसलेला धाराशिव जिल्हा हा कमी व बेभरवशाच्या पावसाचा प्रदेश आहे. २०२३ मध्ये उस्मानाबाद हे नाव बदलून तो धाराशिव झाला. परंतु शेतकऱ्याची विहिरीवरील आणि विंधन विहिरीवरील भिस्त पूर्वीइतकीच आहे. दिवसा वीज मिळावी या हेतूने केंद्र शासनाने २०१९ मध्ये पीएम-कुसुम योजना सुरू केली, तर महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना हाती घेतली. या योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला पाच टक्के हिस्सा भरावा लागतो. त्यामुळे ३, ५ आणि ७.५ अश्वशक्तीचे सौर पंप आता अनेक शिवारांत दिसू लागले आहेत.

सौर पट्ट्या सर्वांना दिसतात; पाणी उपसणारा पंपही सर्वांना ठाऊक असतो. या दोहोंच्या मध्ये एक पेटी असते, तिला कंट्रोलर म्हणतात. पट्ट्यांतून येणाऱ्या एकदिश विजेचे पंपाला चालणाऱ्या विजेत रूपांतर करणे आणि ऊन कमी-जास्त होईल त्याप्रमाणे पंपाची गती राखणे हे तिचे काम. पिकाला पाण्याची गरज असताना ही पेटी बंद पडली, तर पट्ट्या आणि पंप दोन्ही धड असूनही शेत कोरडे राहते. म्हणून या पेटीच्या आत काय चालते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

या पेटीत तीन वेगवेगळे विद्युत दाब एकत्र नांदतात. पट्ट्यांच्या मालिकेचा दाब काही शे व्होल्ट असतो. तो चालू-बंद करणाऱ्या शक्तिशाली अर्धसंवाहक कळींना चालना देण्यासाठी सुमारे १५ व्होल्ट लागतात. आणि केव्हा चालू, केव्हा बंद हे ठरविणारे संकलित मंडल, ज्याला रोजच्या बोलण्यात चिप म्हणतात, ते बहुधा अवघ्या ३.३ व्होल्टवर चालते. ३.३ व्होल्टच्या निर्णयाचे १५ व्होल्टच्या आज्ञेत रूपांतर कोणी तरी करावे लागते. हे काम ज्या ट्रँझिस्टरांना स्वतःला ३.३ व्होल्टहून अधिक सोसत नाही, त्यांच्याकडूनच करून घेता येईल काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ट्रँझिस्टर नाजूक का झाला

चिपमधील ट्रँझिस्टर हा एक अतिसूक्ष्म नळ आहे. त्याच्या गेटवर दाब दिला की खालून प्रवाह वाहतो. दाब काढला की थांबतो. गेट आणि प्रवाहाचा मार्ग यांच्यामध्ये सिलिकॉन डायऑक्साइडचा एक निरोधक थर असतो. १८० नॅनोमीटर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निर्मितिप्रक्रियेत, १.८ व्होल्टवर चालणाऱ्या ट्रँझिस्टरमध्ये या थराची जाडी सुमारे ४ नॅनोमीटर असते. माणसाच्या केसाच्या जाडीच्या तो सुमारे वीस हजारावा भाग होय.

इतक्या पातळ थरावर १.८ व्होल्ट हा किरकोळ वाटणारा दाबही मोठा ताण ठरतो. हवेत एक सेंटिमीटर अंतरात सुमारे ३० हजार व्होल्ट झाले की ठिणगी पडते. या थरावरील ताण त्याच हिशेबाने सेंटिमीटरमागे ४५ लाख व्होल्ट इतका भरतो. तो एक कोटीच्या आसपास गेला की थर फुटतो आणि ट्रँझिस्टर कायमचा निकामी होतो. त्याहून कमी, पण मर्यादेबाहेरच्या दाबाने तो लगेच फुटत नाही. मात्र हळूहळू झिजतो आणि त्याचे आयुष्य घटते.

चिपवर अधिकाधिक ट्रँझिस्टर बसावेत आणि ते जलद चालावेत म्हणून त्यांचा आकार सतत लहान केला गेला. आकार घटला तसा सोसवणारा दाबही घटला. १९८०च्या दशकात ५ व्होल्ट हा नेहमीचा दाब होता. पुढे तो ३.३, मग १.८ आणि नंतर सुमारे १ व्होल्टपर्यंत खाली आला. गणन करणाऱ्या मंडलांना त्याचा लाभच झाला. परंतु बाहेरचे जग लहान झाले नाही. सोनोग्राफी यंत्रातील स्फटिकाला कंप देण्यासाठी अनेक दहा व्होल्टचे स्पंद लागतात. पंपाच्या कळीला १५ व्होल्ट लागतातच. बाह्य जगाशी सलग चढउतारांच्या संकेतांतून व्यवहार करणाऱ्या सदृश, म्हणजे ॲनालॉग, मंडलांपुढे ही अडचण विशेषत्वाने उभी राहते.

साखळी बंधाऱ्याची युक्ती

या अडचणीवरील उपाय जलसंधारणाची कामे पाहिलेल्या कोणत्याही ग्रामपंचायत सदस्याला सहज पटेल. ओढ्याचा एकूण उतार १५ मीटरचा असेल, तर तेवढे पाणी अडविणारी एकच भिंत बांधणे हे मोठ्या खर्चाचे व जोखमीचे काम ठरते. त्याऐवजी त्याच ओढ्यावर तीन-तीन मीटरचे पाच बंधारे साखळीने बांधले, तर प्रत्येकाला आपल्यापुरतेच तीन मीटर पाणी पेलावे लागते. उतार तोच राहतो. पण कोणत्याही एका बंधाऱ्यावर त्याचा सगळा भार पडत नाही.

चिपमध्येही हेच करतात. ३.३ व्होल्ट सोसणारे पाच ट्रँझिस्टर एकावर एक, मालिकेत जोडले आणि १५ व्होल्ट त्यांच्यात सारखे वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला ३ व्होल्ट येतात. जमिनीपासून मोजले असता सांध्यांवरील दाब ३, ६, ९, १२ आणि १५ असे चढत जातात. वरचा ट्रँझिस्टर जमिनीपासून १२ व्होल्ट उंचीवर बसलेला असतो. पण त्याला त्याचे भान नसते. त्याच्या दोन टोकांमधील अंतर तीनच व्होल्ट असते, आणि नुकसान करतो तो या अंतराचा दाब. दाब सोसण्यापेक्षा दाब वाटणे, हे या सर्व रचनांचे मूळ सूत्र आहे.

ही कल्पना चिपहून जुनी आहे. १९३२ मध्ये कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी अणुकेंद्र फोडण्यासाठी काही लाख व्होल्टचा दाब निर्माण केला, तो धारित्रांच्या अशाच चढत्या मालिकेतून. १९३९ मध्ये हंट आणि हिकमन यांनी निर्वात नलिकांच्या एकावर एक जोडणीला ‘कॅस्कोड’ हे नाव दिले. ट्रँझिस्टरांच्या जोडणीसाठीही पुढे तेच रूढ झाले. १९७६ मध्ये डिक्सन यांनी कॉकक्रॉफ्ट-वॉल्टन रचनेचा सुधारित अवतार चिपच्या आत बसवून दाखविला.

आपल्या राज्यातही या सूत्राचे एक भव्य उदाहरण आहे. चंद्रपूरहून मुंबईजवळील पडघे येथे वीज आणणारी, अधिक-उणे ५०० किलोव्होल्टची ७५२ किलोमीटर लांबीची एकदिश वाहिनी १९९९ मध्ये कार्यान्वित झाली. तिच्या दोन्ही टोकांना जी रूपांतर केंद्रे आहेत, त्यांतील एकेक थायरिस्टर काही हजार व्होल्टच सोसू शकतो. अनेक थायरिस्टर मालिकेत जोडून आणि दाबाची वाटणी सांभाळूनच पाच लाख व्होल्टचा व्यवहार पार पडतो.

वाटणी समान राहिली पाहिजे

बंधाऱ्यांच्या साखळीतील वरचा एक बंधारा फुटला की त्याचे पाणी खालच्यावर येते आणि कित्येकदा सारी साखळी वाहून जाते. ट्रँझिस्टरांचेही तसेच आहे. पाचांपैकी एकाने हार खाल्ली, तर १५ व्होल्ट उरलेल्या चौघांत विभागले जातात. प्रत्येकाच्या वाट्याला ३.७५ व्होल्ट येतात. ते ३.३ च्या मर्यादेबाहेर आहेत. मग दुसरा निकामी होतो, तिसऱ्यावर ५ व्होल्टचा भार येतो आणि पुढील नाश रोखता येत नाही. म्हणून अशा मंडलाच्या अभिकल्पात, म्हणजे डिझाइनमध्ये, निम्म्याहून अधिक विचार वाटणी समान ठेवण्याचाच असतो.

पहिली पायरी म्हणजे पाच समान रोधकांची शिडी. तिच्या पायऱ्यांवरून प्रत्येक ट्रँझिस्टरच्या गेटला त्याचा ठरलेला दाब मिळतो. चिपवरील रोधकांचे मूल्य अचूक येत नाही. ठरविलेल्या मूल्याहून ते पंधरा-वीस टक्के इकडे-तिकडे होऊ शकते. उन्हाळ्यात पेटी तापली म्हणजेही ते बदलते. परंतु शेजारी-शेजारी, एकाच आकाराचे आणि एकाच द्रव्याचे केलेले रोधक चुकले तरी सारखेच चुकतात. त्यांचे परस्परांशी असलेले गुणोत्तर एक टक्क्याच्या आत राखता येते. वाटणीसाठी गुणोत्तरच महत्त्वाचे असल्याने अभिकल्पकाने अचूकतेपेक्षा समानतेवर भिस्त ठेवावयाची असते.

दुसरी पायरी अधिक कठीण आहे. मंडलाचे निर्गत टोक एका जागी स्थिर नसते. ते ० पासून १५ व्होल्टपर्यंत वरखाली होते. समजा, सर्वांत वरच्या ट्रँझिस्टरच्या गेटला १२ व्होल्ट कायमचे बांधून दिले. निर्गत टोक १५ व्होल्टवर असताना सर्व ठीक चालते. पण ते शून्यावर आले की त्या ट्रँझिस्टरच्या पातळ थरावर १२ व्होल्टचा ताण पडतो आणि तो तत्क्षणी फुटतो. याचा अर्थ असा, की गेटचे दाब स्थिर ठेवून चालत नाही; निर्गत टोक वर गेले की ते प्रमाणात वर गेले पाहिजेत आणि खाली आले की प्रमाणात खाली आले पाहिजेत. त्यासाठी शिडीचे वरचे टोक निर्गत टोकालाच जोडतात. दोनच ट्रँझिस्टरांची जोडी असेल तर स्थिर दाबावर भागते. त्यापुढे मात्र ही चालती शिडी अपरिहार्य ठरते.

तिसरी पायरी जलद बदलांची. उच्च दाबाच्या वाहिनीच्या मनोऱ्यावर तार टांगण्यासाठी चिनी मातीच्या चकत्यांची माळ लावलेली सर्वांनी पाहिली असेल. १३२ किलोव्होल्टच्या वाहिनीवर अशा साधारण नऊ-दहा चकत्या असतात. चकत्या सारख्या असूनही त्यांच्यातील वाटणी सारखी नसते. तारेजवळच्या चकतीवर सर्वांत अधिक भार येतो. प्रत्येक सांधा आणि मनोरा यांच्यामध्ये नकळत तयार होणारी धारिता थोडा थोडा प्रवाह बाजूला वळविते, हे त्याचे कारण. चिपमध्येही प्रत्येक सांधा आणि खालचे सिलिकॉन यांच्यात अशीच अनाहूत धारिता असते. दाब सावकाश बदलत असताना शिडी वाटणी राखते. पण झटकन बदलला की वाटणी बिघडते. उपाय म्हणून प्रत्येक पायरीवर रोधकाला समांतर लहान धारित्र जोडतात. सावकाश बदलांत रोधक वाटणी करतात, जलद बदलांत धारित्र करतात.

वीज प्रथम चालू होते तो क्षणही विसरून चालत नाही. वाटणीची व्यवस्था उभी राहण्यापूर्वीच पूर्ण दाब आला, तर पहिल्याच क्षणी नुकसान होते. म्हणून आधी शिडी, मग दाब, हा क्रम पाळावा लागतो.

पायाचे निरोधन

येथपर्यंतचे विवेचन वाचून एखाद्यास वाटेल, की पाचाऐवजी पन्नास ट्रँझिस्टर जोडले तर दीडशे व्होल्टही सांभाळता येतील. तसे होत नाही, आणि याचे कारण सौर पट्ट्यांच्या उदाहरणाने स्पष्ट होते.

एका सौर पट्टीचा दाब साधारण ४० ते ५० व्होल्ट असतो. दहा पट्ट्या मालिकेत जोडल्या की चारशेहून अधिक व्होल्ट होतात. प्रत्येक पट्टीच्या दोन टोकांमध्ये मात्र तिचे स्वतःचे ४०-५० व्होल्टच असतात. पण पट्टीच्या ॲल्युमिनियमच्या चौकटी जमिनीला जोडलेल्या असतात. मालिकेच्या टोकाच्या पट्टीत तिचे आतील घट आणि तिची चौकट यांच्यामध्ये जो निरोधक थर आहे, त्याच्यावर मालिकेचा जवळजवळ संपूर्ण दाब येऊ शकतो. म्हणूनच ४०-५० व्होल्टच्या पट्टीच्या मागे १००० किंवा १५०० व्होल्ट अशी प्रणालीची मर्यादा छापलेली असते. वाटणी ही पट्ट्यांपट्ट्यांमध्ये होते. जमिनीपासूनचे अंतर कोणी वाटून घेत नाही.

चिपमधील सर्व ट्रँझिस्टर सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर असतात. तो तुकडा ही त्यांची सामाईक जमीन. प्रत्येक ट्रँझिस्टर तिच्यापासून वेगळा राहावा म्हणून त्याला स्वतःच्या ‘विहिरी’त, म्हणजे वेगळ्या प्रकारच्या सिलिकॉनच्या कप्प्यात, बसवितात. या कप्प्याची आणि जमिनीची सीमा ठरावीक दाबापर्यंतच वीज अडवू शकते. सर्वसाधारण निर्मितिप्रक्रियांत ही मर्यादा दहा व्होल्टच्या आसपास किंवा तिच्याहून काहीशी वर असते. त्यामुळे १५ व्होल्ट हे सीमेवरचे काम आहे. ते करावे की नाही, हे त्या त्या प्रक्रियेची माहितीपुस्तिका पाहूनच ठरवावे लागते. त्याच्या बरेच पुढे जायचे असेल, तर ट्रँझिस्टरांच्या खाली काचेसारखा निरोधक थर असलेले महागडे सिलिकॉन वापरावे लागते.

लाभ आणि किंमत

या युक्तीची किंमतही मोजावी लागते. पाच ट्रँझिस्टर मालिकेत आले की प्रवाहाला होणारा रोध पाचपट होतो. तो मूळ पातळीवर आणण्यासाठी प्रत्येक ट्रँझिस्टर पाचपट रुंद करावा लागतो. पाच ट्रँझिस्टर, प्रत्येक पाचपट रुंद, म्हणजे एकूण जागा पंचवीसपट झाली. शिडीतून सतत थोडा प्रवाह वाहतो, तो वेगळाच.

दुसरा मार्ग म्हणजे मुळातच मोठा दाब सोसणारे ट्रँझिस्टर घडविणारी विशेष प्रक्रिया. १९८५ मध्ये इटलीतील एसजीएस कंपनीने सदृश, अंकीय आणि शक्तिशाली ट्रँझिस्टर एकाच चिपवर आणणारी अशी प्रक्रिया साध्य केली. पंपाच्या कळींना चालना देणाऱ्या आजच्या चिप बहुतांशी अशाच विशेष प्रक्रियांतून येतात. या दोहोंच्या मधला मार्ग म्हणजे सर्वसाधारण प्रक्रियेतच ट्रँझिस्टरचे एक टोक लांबवून त्याला अधिक दाब सोसण्यास समर्थ करणे. अशा रचनांवर आय.आय.टी. मुंबई येथे प्रा. व्ही. रामगोपाल राव, प्रा. मरियम शोजाई बघिनी आणि त्यांचे सहकारी यांनी संशोधन केले आहे.

मोठ्या संख्येने लागणाऱ्या चिपसाठी विशेष प्रक्रियाच परवडते. परंतु संख्या थोडी असेल, गणनाचे काम आणि मोठ्या दाबाचे काम एकाच चिपवर हवे असेल, किंवा हाताशी सर्वसाधारण प्रक्रियाच उपलब्ध असेल, तेव्हा दाब वाटण्याची युक्ती उपयोगी पडते. तिसरी परिस्थिती आपल्या देशाला लागू आहे. मोहाली येथील सेमिकंडक्टर लॅबोरेटरी ही १९७६ मध्ये स्थापन झालेली शासकीय संस्था १८० नॅनोमीटरच्या प्रक्रियेवर चिप घडविते. तेथील नेहमीचे ट्रँझिस्टर १.८ आणि ३.३ व्होल्टचे आहेत. आय.आय.टी. मुंबईने तयार केलेला आणि २०१९ मध्ये जाहीर झालेला ‘अजित’ हा सूक्ष्मप्रक्रियक तेथेच घडविण्यात आला.

जिल्ह्याच्या दृष्टीने

धाराशिव हा २०१८ मध्ये देशातील आकांक्षित जिल्ह्यांत समाविष्ट झालेला जिल्हा आहे. चिप घडविण्याचा कारखाना उभारणे हा हजारो कोटींचा व्यवहार असून त्याची अपेक्षा प्रत्येक जिल्ह्याने करणे व्यवहार्य नाही. परंतु चिपचा अभिकल्प हे बुद्धीचे आणि संगणकाचे काम आहे. केंद्र शासनाने डिसेंबर २०२१ मध्ये अर्धसंवाहक उद्योगासाठी ७६ हजार कोटी रुपयांचा कार्यक्रम मंजूर केला. त्यानंतर २०२२ मध्ये ‘चिप्स टू स्टार्टअप’ उपक्रमाखाली ८५ हजार अभियंते तयार करण्याचे उद्दिष्ट ठरविण्यात आले. निवडलेल्या शिक्षणसंस्थांना अभिकल्पाची महागडी साधने वापरण्यास देणे हा त्याचा भाग आहे. याशिवाय, १३० नॅनोमीटरच्या एका प्रक्रियेची संपूर्ण माहिती २०२० पासून विनामूल्य खुली झाली असून मंडलाची संगणकावर चाचणी घेणारी साधनेही मोफत मिळतात. जिल्ह्यात धाराशिव आणि तुळजापूर येथे अभियांत्रिकी शिक्षणाची सोय आहे. तेथील विद्यार्थ्याला पाच ट्रँझिस्टरांची शिडी संगणकावर रचून पाहण्यास आज कोणाच्या परवानगीची गरज नाही.

माध्यमिक शाळेतील विज्ञान शिक्षकांनाही हे तत्त्व थोडक्या खर्चात दाखविता येईल. ९ व्होल्टची बॅटरी आणि १० किलोओहमचे तीन समान रोधक मालिकेत जोडावेत. मीटरने मोजले असता प्रत्येकावर ३ व्होल्ट आढळतील. मग त्यांतील एकाच्या जागी २० किलोओहमचा रोधक लावावा. आता दोघांवर २.२५ व्होल्ट आणि एकावर ४.५ व्होल्ट येतील. बॅटरी तीच, एकूण दाब तोच, परंतु ३.३ व्होल्टची मर्यादा असलेला घटक त्या जागी असता तर निकामी झाला असता. एका असमान घटकामुळे भार कसा एकाच्याच माथी येतो, हे विद्यार्थ्यांच्या तत्काळ ध्यानात येईल.

ग्रामपंचायत सदस्यांनी व कर्मचाऱ्यांनी या विवेचनातून दोन गोष्टी शेतकऱ्यांपर्यंत पोचवाव्यात. पहिली, सौर पट्ट्यांच्या चौकटींना जोडलेली जमिनीची तार कोणत्याही कारणाने काढू किंवा तोडू नये. निरोधक थरात दोष निर्माण झाल्यास चौकटीत मालिकेचा दाब उतरू शकतो, आणि तशा वेळी ही तार जीव वाचविते. दुसरी, पंपाची कळ बंद केली तरी ऊन असेपर्यंत पट्ट्यांच्या तारांत शेकडो व्होल्टचा दाब कायम असतो. एका पट्टीचा थोडा दाब पाहून मालिकेला हात लावण्याचे धाडस कोणी करू नये. कंट्रोलरची पेटी शक्यतो सावलीत व हवेशीर ठेवावी, म्हणजे आतील नाजूक घटकांचे आयुष्य वाढेल.

मोठा दाब पेलण्यासाठी प्रत्येक घटक मोठा असावाच लागतो असे नाही. घटक समान असावेत, भाराची वाटणी प्रत्येक क्षणी सांभाळली जावी आणि पायाचे निरोधन भक्कम असावे, एवढ्या अटी पाळल्या तर थोड्या सामर्थ्याच्या घटकांकडूनही, त्या पायाच्या मर्यादेत, मोठे काम करून घेता येते. शिवारातील पेटीत शिरणारी चिप उद्या आपल्याच विद्यार्थ्यांनी अभिकल्पिलेली असावी, यासाठी या तत्त्वाचा परिचय शाळा-महाविद्यालयांतून आजच होणे इष्ट आहे.